उत्तर ठाऊक असलेला प्रश्न

गेल्या वर्षी खंडेनवमीला ताईने विळीपासून शिलाई मशीनपर्यंत घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली आणि शेवटी मोर्चा भाच्याच्या नव्या कॉम्प्युटरकडे वळवला. हळदकुंकू झालं, अक्षता झाल्या, मग झेंडूचं टपोरं फूल तिने कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलं. नेमकं वरच्या पंख्याच्या जाळीवर.

"अगं आई, तिथून गरम हवा बाहेर पडते!" भाचा ओरडला.

"पडू दे. आज हत्यारांना सुट्टी असते."

भाच्याला सुट्टी नको होती. दोन दिवसांपूर्वीच आम्ही दोघांनी सिंहगड रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, तो कॉम्प्युटर जोडला होता, आणि त्याला एकच ध्यास होता: ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसर किंवा मेमरी कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायची. खर्चातला अर्धा वाटा माझा असल्यामुळे मी एक अट घातली होती. आधी यंत्र मूळ वेगावर तपासायचं, पुरतं तपासायचं, आणि तोवर कशालाही हात लावायचा नाही. "मामा, नवंकोरं आहे. त्यात काय तपासायचं?" असं त्याचं म्हणणं.

हेच वाक्य मी १९९९ साली हॉस्टेलच्या खोलीत स्वतः म्हटलेलं आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए आदल्या वर्षी बाजारात आला होता आणि कॉलेजात त्याची कीर्ती पसरली होती. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० मेगाहर्ट्‌झचा हा स्वस्तातला प्रोसेसर ४५० वर धावायचा. मित्राने घेतला, आम्ही त्याच संध्याकाळी ६६ चे १०० केले, रात्रभर गेम खेळलो, सकाळी चहाच्या टपरीवर बढाया मारल्या. महिन्याभराने त्याच्या प्रोजेक्टच्या झिप फायली उघडेनात. एक गेली, मग दुसरी. दोष प्रोसेसरचा, रॅमचा, बोर्डाचा की आमच्या उतावीळपणाचा, हे आजतागायत कळलेलं नाही. कळणार कसं? मूळ वेगावर तो कॉम्प्युटर कसा वागतो हे आम्ही एक दिवसही पाहिलं नव्हतं.

या वेळचं सामान आम्ही मुंबईहून, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलं. हा रस्ता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झाला त्याला जमाना लोटला, पण ग्रँट रोड स्टेशनवर उतरून कुणी 'भडकमकर मार्ग कुठे' असं विचारत नाही. आता ऑनलाइन भाव पाहून लोक तिथे फक्त घासाघीस करायला जातात. तरी एका गाळ्यात अजून जुन्या पद्धतीने यंत्रं जोडली जात होती. माझ्याच वयाचा कारागीर, समोर चार उघडी कॅबिनेट. एका जुन्या यंत्राचा डिस्प्ले येत नव्हता. त्याने रॅमची स्टिक काढली, शाळकरी पोरांच्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, परत बसवली. डिस्प्ले आला. हा इलाज पुस्तकात सापडणार नाही, पण कळकटलेल्या कॉन्टॅक्टवर तो चालतो. नव्या मशीनची तपासणी कशी करता, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, विंडोज पडली, अर्धा तास व्हिडिओ चालला, की पॅक."

त्याच्या धंद्यात अर्धा तासही खूप, हे मला पटतं. पण बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो ती फक्त निवडण्यापुरती. खरी परीक्षा घरी होते. माठ रात्रभर पाण्याने भरून परातीत ठेवायचा आणि सकाळी परात पाहायची.

आमची परात मांडायची तर सुरुवात भिंतीपासून करावी लागली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. भाच्याला वाटलं, स्थितिक वीज. मी मल्टिमीटर लावला, तर सॉकेटची तिसरी, जाड भोकाची पिन कशालाच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत, वीज घरात येते त्या तोंडाशी, गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याच्या वाटेने थोडा प्रवाह जमिनीत सोडतात. जमिनीची वाट तुटलेली असली की पत्राच अधांतरी तरंगतो आणि आपलं बोट त्याला सापडतं. वायरमन आला, त्याने वायर जोडली, झिणझिण्या गेल्या. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या 'गूढ' आजारांतले किती तरी या एका वायरीपाशी सुटतील असा माझा समज आहे. महागडे एसएमपीएस घेणारी माणसं अर्थिंग मात्र बिल्डरच्या भरवशावर सोडतात.

आता यंत्राविषयी. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६००, सहा कोअरचा. बी६५० चिपसेटचा बोर्ड. डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं. भाच्याचा हात परत बटणाकडे गेला, तो मी धरून ठेवला. या पिढीच्या बोर्डांवर पहिल्या वेळी प्रोसेसर मेमरीशी ओळख करून घेत बसतो. प्रत्येक तारेवर सिग्नल किती उशिरा पोचतो, किती विद्युतदाबाने वाचला म्हणजे नीट वाचला जातो, हे तो एकेक करून जुळवतो. मैफल सुरू होण्याआधी तंबोरे लागत असावेत तसं हे चालतं, आणि त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून मध्येच वीज तोडणारे बरेच जण 'बोर्ड मेला' म्हणत दुकान गाठतात. आमचा पडदा उजळला तेव्हा चहा निवला होता.

बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्राम, अद्ययावत केलं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. आणि इथे भाच्याला पहिला धक्का बसला. रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेलं, पडद्यावर मात्र ४८००. "फसवलं आपल्याला!" कुणी फसवलं नव्हतं. खोक्यावरचा आकडा हा स्वतःच ओव्हरक्लॉक असतो. प्रमाण ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या नियमाने ही रॅम १.१ व्होल्टवर ४८०० ने धावते. ६००० साठी बायोसमध्ये एएमडीचं एक्स्पो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि मग दाब साधारण १.३५ व्होल्टपर्यंत जातो. इंटेलकडे याच गोष्टीला एक्सएमपी म्हणतात. वर्षानुवर्षं ६००० ची रॅम ४८०० ने चालवणारे लोक मला माहीत आहेत. आणि एक्स्पो चालू करून 'मी काही ओव्हरक्लॉक केलेलं नाही' असं शपथेवर सांगणारेही.

विंडोज टाकण्याआधी मेमरी तपासायची, हा क्रम मी सोडू देत नाही. सदोष रॅमवर विंडोज टाकली तर फायलीच बिघडलेल्या उतरतात, आणि नंतर रॅम बदलली तरी भूत घरातच राहतं. मेमटेस्ट८६ हा जुना, रुक्ष प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून सुरू होतो आणि त्याचं काम अगदी सोपं आहे. मेमरीच्या प्रत्येक घरात एक ठरलेला आकडा लिहायचा, मग परत वाचायचा, आणि लिहिला तोच आला का ते पाहायचं. मग दुसरा आकडा, मग उलट्या क्रमाने, मग शेजारच्या घरांवर धडाधडा लिहून मधलं घर हलतं का ते पाहायचं.

दसऱ्याच्या रात्री लावला. सोनं वाटून आम्ही परत आलो तेव्हा पहिली फेरी स्वच्छ होती. दुसरीही स्वच्छ. भाचा झोपायला गेला. पहाटे पाणी प्यायला उठलो, तर तिसऱ्या फेरीत पडद्यावर एक लाल ओळ होती. अपेक्षित आकडा एक, वाचलेला आकडा दुसरा, दोन्हींत फरक फक्त एका बिटचा. सकाळपर्यंत अशा चार ओळी झाल्या आणि चारही ओळींत पत्ता एकच होता.

स्टिक एकेक करून लावल्या. पहिली रात्रभर निर्दोष. दुसरीने पुन्हा तशीच लाल ओळ दाखवली. डीडीआर५च्या चिपमध्ये बारीकसारीक चुका आतल्या आत दुरुस्त करण्याची सोय असते, तीही इथे पुरी पडली नव्हती. हे सगळं ४८०० वर, कुणी काहीही वाढवलेलं नसताना. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मी पहिल्याच दिवशी ६००० केलं असतं तर?" तर ती लाल ओळ बहुधा दिसलीच नसती. महिन्याभराने एखादा गेम बंद पडला असता, त्याने वेग कमी केला असता, दाब वाढवला असता, विंडोज तीनदा टाकली असती, आणि दोष आपल्याच हाताला लावून घेतला असता. दोन्ही स्टिक जोडीने तपासून विकलेल्या असतात, म्हणून परतही जोडीनेच गेल्या. बदली यायला सतरा दिवस लागले. त्या दुकानाबद्दल मला बरंच बोलता येईल, पण इथे नको.

नवी रॅमही वाईट निघू शकते याचं कुणाला नवल वाटत असेल, तर २००९ साली गूगलने आपल्या सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये किमान एक तरी चूक आढळली होती. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखण्याची सोय असते, म्हणून ती मोजता तरी आली. आपल्या घरच्या यंत्रात मोजणारा कुणी नसतो.

मेमरी झाली, आता प्रोसेसर. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्या जगात प्राइम९५ हे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही, पण तो मुळात गणिताचा प्रोग्राम आहे हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या, शोधण्यासाठी जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांना एकत्र आणलं. हा शोध अजून चालू आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सापडलेल्या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. एवढ्या हिशेबात मध्येच एक बिट चुकला तर कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात जाते. म्हणून वोल्टमन यांनी प्रोग्राममध्येच यंत्राची परीक्षा ठेवली आणि तिला नाव दिलं 'टॉर्चर टेस्ट'.

या परीक्षेची युक्ती मला फार आवडते. अवाढव्य संख्यांचा गुणाकार शाळेतल्या रीतीने करत बसलं तर जन्म सरेल, म्हणून प्रोग्राम संख्येचे तुकडे पाडतो आणि फूरियेच्या रूपांतराने अपूर्णांकांच्या आडवाटेने जातो. वाट अपूर्णांकांची असली तरी मुक्काम पूर्णांकावरच हवा. शेवटी १७.०००२ आले तर ते १७, यात शंका नाही. पण १७.५ आले तर १७ धरायचे की १८? जवळच्या पूर्णांकापासूनचं अंतर ०.४ च्या पुढे गेलं की प्रोग्राम काम थांबवतो आणि सांगतो, या यंत्राचा भरवसा नाही. शिवाय परीक्षेतल्या गणितांची अंतिम उत्तरं त्याच्याजवळ आधीच साठवलेली असतात. जपानमध्ये यासुमासा कानडा यांच्या प्रयोगशाळेतून आलेला सुपर पाय हा प्रोग्रामही लोक अशाच कामाला वापरत. पायचे अंक सगळ्यांना ठाऊक आहेत, तुझे जुळतात का सांग.

यंत्र बंद पडलं नाही म्हणजे ठीक आहे, असं भाचाच काय, बहुतेक सगळेच धरून चालतात. मला वाटतं, बंद पडणारं यंत्र त्यातल्या त्यात प्रामाणिक. पडद्यावर सगळं सुरळीत दाखवून आत चुकीचा आकडा लिहिणाऱ्याची भीती जास्त. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ साली असं एक प्रकरण सविस्तर मांडलं. त्यांच्याकडे फायली उलगडताना काही फायलींचा आकार शून्य येत होता आणि त्या गुपचूप हरवत होत्या. माग काढत काढत ते एका प्रोसेसरच्या एका कोअरपर्यंत पोचले. १.१ चा ५३ वा घात केला तर पूर्णांक भाग १५६ यायला हवा, तो कोअर शून्य सांगत होता. बाकी बहुतेक गणितं बिनचूक.

आणि अशा शोधाला किती चिकाटी लागते हे पाहायचं तर व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली आठवतात. जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते करत होते. १९९४ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रांत एका पेंटियमची भर घातली आणि जूनमध्ये हिशेब जुळेनासा झाला. प्रोसेसर चुकतोय असं त्यांनी लगेच म्हटलं नाही. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग कंपायलर, मग बोर्ड, मेमरी. ऑक्टोबर उजाडला तेव्हा सगळे संशयित सुटले होते आणि उरला होता पेंटियमचा भागाकार. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८ यायला हवेत, तिथे १.३३३७ येत होते. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातली पाच घरं रिकामी राहिली होती. इंटेलने आधी टाळाटाळ केली, डिसेंबरमध्ये प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे ठरवायला नाइसलींना साधारण चार महिने लागले, तेही यंत्र मूळ वेगावर असताना. वेग, दाब आणि रॅम तिन्ही एकाच संध्याकाळी बदलणाऱ्या माणसाला किती लागतील?

प्राइम९५ ने स्वतःही एक चोर पकडलेला आहे. इंटेलच्या स्कायलेक पिढीचे प्रोसेसर एका ठराविक आकाराच्या गणितावर गोठून जात. मूळसंख्या शोधणाऱ्यांच्या हे लक्षात आलं, इंटेलने २०१६ च्या जानेवारीत दोष मान्य केला आणि बायोसमधून दुरुस्ती दिली. त्याहून ताजं प्रकरण इंटेलच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं. वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांवर गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी' अशी चूक यायची आणि लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसायचे. प्रत्यक्षात प्रोसेसर दाबून ठेवलेल्या फायली उलगडताना चुकत होता. २०२४ साली इंटेलने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त दाब मागून घेत होते आणि त्या दाबाने चिप हळूहळू झिजत होती. दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण झिजलेली चिप दुरुस्तीने भरून येत नाही. मूळ वेगावर म्हणजे सुरक्षित, या समजुतीला त्या वर्षी चांगलाच तडा गेला.

आमच्या ७६०० ने मात्र गुण दाखवले नाहीत. खोलीत २७ अंश, प्राइम९५ चा सगळ्यात तापवणारा प्रकार, आणि तासाभराने प्रोसेसर ७५ वर स्थिरावला. हा प्रोसेसर ९५ ला पोचला की स्वतःहून वेग उतरवतो, म्हणजे अंतर भरपूर होतं. मग मेमरीलाही राबवणारा ब्लेंड प्रकार रात्रभर. दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्डही एकाच वेळी कामाला लावलं, कारण एसएमपीएसची खरी ओढाताण दोघांनी मिळून वीज मागितल्यावर होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकीची एकही नोंद नाही. भाच्याने ताईकडून एक दोनशेपानी वही मागून घेतली आणि आकडे लिहिले. खोलीचं तापमान लिही, असं मी म्हटलं, तर त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि लिहिलं.

ताईने मध्येच विचारलं, हे स्कूटरच्या रनिंगसारखं आहे का? चांगला प्रश्न होता. आमच्या वडिलांनी नवी स्कूटर घेतली तेव्हा पहिले काही शे किलोमीटर चाळिसाच्या वर नेली नव्हती. पण स्कूटरचं रनिंग म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसणं. चिपमध्ये घासून बसायला काही नसतं. रात्रभर राबवल्याने ती सुधारत नाही. फक्त जिच्यात बनतानाच खोट राहिली ती लवकर, दुकानदार अजून फोन उचलतो आहे तेवढ्यात, उघडी पडते.

नोव्हेंबरच्या अखेरीस अट पुरी झाली आणि वेग वाढवायला सुरुवात झाली. आधी फक्त एक्स्पो, ६०००, आणि पुन्हा मेमटेस्टची रात्र. मग प्रोसेसर. वेग आणि दाब दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवले तर उष्णता तेहतीस टक्क्यांनी वाढते, कारण दाबाचा हिशेब वर्गाने लागतो. त्यामुळे आता शहाणे लोक उलट वाटेने जातात, दाब कमी करतात आणि उरलेल्या सवलतीत प्रोसेसरला स्वतःच पळू देतात. भाच्याने एकेका कोअरचा दाब पायरीपायरीने उतरवला. सहाही कोअर एकत्र राबवणारी परीक्षा रात्रभर पास झाली आणि सकाळी, कुणी काही करत नसताना, नुसता डेस्कटॉप समोर असताना यंत्र रीस्टार्ट झालं. तो चक्रावला. सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग मुळातच खाली असतो. एखादाच कोअर क्षणभर जागा होतो तेव्हा तो सर्वांत वर उसळी मारतो, आणि दाब तिथे अपुरा पडतो. मग प्रत्येक कोअर एकट्याने तपासायचा दुसरा कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या कोअरला दोन पायऱ्या परत द्याव्या लागल्या. मला आठवतं, भाच्याने वहीत त्याच्यापुढे 'हट्टी' असं लिहिलं होतं.

डिसेंबरात त्याने शेवटचा हात रॅमला लावला. रॅमचं प्रत्येक घर म्हणजे एक इवलासा, पाझरणारा माठ. भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. पाझरून रिकामा होण्याआधी तो पुन्हा भरावा लागतो, डीडीआर५मध्ये दर ३२ मिलिसेकंदांत, आणि भरणं चालू असताना तेवढा वेळ मेमरी दुसरं काम करू शकत नाही. भाच्याने हे भरणं लांबवलं. कामाला वेळ जास्त मिळाला, गती वाढली, मेमटेस्टच्या चार फेऱ्या स्वच्छ निघाल्या. खोली १९ अंश, असं वहीत आहे.

मे महिन्यात त्याचा फोन आला. एका मोठ्या फायलीचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडून पाहायचा आकडा, जुळत नव्हता. मी काही सुचवायच्या आत त्यानेच सांगितलं की आधी सगळं मूळ वेगावर नेऊन पाहिलं, तिथे ठीक आहे. एक्स्पो लावलं, ठीक आहे. प्रोसेसरचा दाब उतरवला, ठीक आहे. मेमरीचं भरणं लांबवलं आणि चाळीस मिनिटांत लाल ओळ आली. खोली ३७ अंश, रॅमच्या स्टिकवरचा तापमापक ५८ दाखवत होता. माठ उन्हाळ्यात जास्त पाझरतो, तसंच तापलेल्या रॅममधला विद्युतभार लवकर गळतो. डिसेंबरात पुरलेलं अंतर मे महिन्यात पुरलं नव्हतं. कुठे बिघडलं हे शोधायला त्याला एक दुपार लागली होती.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर वहीत डिसेंबरच्या नोंदीवर आडवी रेघ होती आणि खाली नवे, आखूड आकडे. जेवणं झाल्यावर त्याने मेमटेस्ट लावला, खोलीच्या खिडक्या बंद केल्या, छताचा पंखा बंद केला, दार ओढून घेतलं आणि उशी-चादर घेऊन हॉलमध्ये माझ्या शेजारी येऊन पडला. ताई आतून ओरडली, "अरे, एवढ्या उकाड्यात ती खोली कुणी बंद केली?"